अंगणातला पिंगळा



परभणीतल्या जुन्या गल्लीत म्हणा, कृषी विद्यापीठाच्या परिसरात म्हणा, नाहीतर शेतातल्या आखाड्यावर म्हणा, दिवेलागणीला तारेवर येऊन बसणारा एक पक्षी तुम्ही नक्की पाहिला असेल. साळुंकीएवढाच, पण ठेंगणा. गोल डोकं, पिवळे डोळे, राखाडी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. हा ठिपकेवाला पिंगळा, म्हणजे घुबडाच्याच कुळातला.

आमच्या अंगणातल्या लिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते. ऊन उतरलं की दोघं बाहेर येतात, एकमेकांना खेटून बसतात आणि मग असा काही कलकलाट करतात की घरातल्या टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. मी टीव्ही बंद करून बाहेर येतो. आपण जवळ गेलो की पिंगळा लगेच उडत नाही. दारी आलेल्या परक्या माणसाला न्याहाळणाऱ्या म्हाताऱ्यासारखा तो डोकं खालीवर करून आपल्याला पाहतो. ही त्याची गंमत नसते बरं का, तो अंतर जोखत असतो. घुबडांचे डोळे खोबणीत पक्के बसलेले असतात, आपल्यासारखे फिरत नाहीत. म्हणून सगळं काम मान करते. आपल्या मानेत 7 मणके, त्यांच्या मानेत 14. त्या जोरावर मान जवळजवळ 270 अंशांत वळते.

दिव्याभोवती जमलेले किडे, नाकतोडे, पाली, उंदराची पिल्लं हा पिंगळ्याचा आहार. पण उंदीर मारण्याचं मोठं काम करतं ते गव्हाणी घुबड. बदामी आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं हे घुबड जुने वाडे आणि गोदामांच्या आसऱ्याला असतं. पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असल्यानं उडताना आवाज होत नाही, आणि उंदराला कळेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. न पचलेली हाडं आणि केस यांचा गोळा ते नंतर तोंडावाटे टाकतं. तो उकलून पाहा, आत उंदरांच्या कवट्या सापडतील. घाटेअळीसाठी हरभऱ्यात पक्षीथांबे लावता ना? रात्री त्यावर घुबडंही बसतात.

आणि अशा पाखराला आपण अशुभ ठरवलं! पिंगळ्याची भाषा कळते म्हणून पहाटे कंदील घेऊन भविष्य सांगत येणाऱ्या पिंगळा जोशाला आपल्याच आयाबायांनी सूपभर धान्य घातलं, आणि घुबड घरावर बसलं की त्याच घरातून हाकारे. लहानपणी ऐकलेली एक समजूत मात्र मला आवडते. घुबडाला दगड मारला तर ते तो झेलतं, नदीत नेऊन घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. शुद्ध थाप आहे. पण या थापेनं कितीतरी पोरांचे हात आवरले असतील.

घुबडांना अंगणात बोलवायला काही विकत आणावं लागत नाही. ढोल पडलेली जुनी फांदी पाडू नका. नोव्हेंबर ते एप्रिल हा पिंगळ्यांच्या विणीचा काळ, तेव्हा तर नाहीच नाही. रात्रभर अंगणात झगझगीत दिवा नको, ढोलीत मोबाइलचा फ्लॅश नको. मुख्य म्हणजे उंदराचं औषध जपून वापरा. विषानं अर्धमेला झालेला उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि घुबडही मरतं. एखादं पिल्लू खाली पडलंच, तर मांजर पोचणार नाही अशा जागी उचलून ठेवा आणि बाजूला व्हा. आईबाप त्याला चारतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. दिवाळीच्या तोंडावर काळ्या जादूसाठी घुबडं पकडली जातात, विकली जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा गुन्हा आहे. तुमच्या गावात, बाजारात असं काही दिसलं, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच फोन करा.