स्वागताध्यक्षांचे भाषण



उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या कर्जत-खालापूरच्या मुलखात, कामाच्या ठिकाणची प्रेरणा, यंत्रे आणि शिक्षण यांचा विचार करणारी आपल्यासारखी विद्वान मंडळी जमावीत, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. १६६१ साली शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली ती उंबरखिंड इथलीच, महडचा वरदविनायक इथलाच आणि हुतात्मा भाई कोतवालांची कर्मभूमीही हीच.

तथापि आज मला विशेष स्मरण होते ते ॲलिस ट्रेडवेल या विस्मृत बाईंचे. बोरघाटाच्या लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले. पहिल्या मक्तेदाराच्या अमदानीत मजुरी थकल्यामुळे १८५९ मध्ये मजुरांचा दंगा उसळला, आणि पुढे मक्ता घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर अल्पावधीतच निवर्तले. त्यांच्या पत्नीने मक्ता न सोडता जाणत्या अभियंत्यांच्या हाती काम सोपवले, आणि पटकीने माणसे दगावत असताही हजारो मजुरांनी पंचवीस बोगद्यांचा तो घाट १८६३ साली पुरा केला. वाट दाखविली म्हणून लोकांनी देवत्व दिलेल्या शिंगरोबा धनगराचे देऊळ घाटात आहे. बाईंचे आणि त्या मजुरांचे नाव मात्र आमच्या मुलांना ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

पुढे १९१५ साली खोपोलीत टाटांचे जलविद्युतगृह सुरू झाले, १९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली. वाफेच्या इंजिनावर हयात घालविलेल्या माणसाने नवे यंत्र शिकून घेतले, ते केवळ पगारासाठी काय? मानसशास्त्रज्ञ डेसी आणि रायन यांनी स्वायत्तता, कौशल्य आणि आपलेपणा या मनाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत. त्यांची शहानिशा करण्याचा अधिकार आपला.

आता व्यवस्थेविषयी. निवासाची तजवीज शाळेच्या वर्गांत करावी लागली, पाण्याचा पुरवठा सकाळीच होतो, विजेचा भरवसा देता येत नाही. या सर्व उणिवांबद्दल आपण उदार मनाने क्षमा करावी. तांदूळ देणारे भातगिरणीमालक, भांडी-सतरंज्या पुरविणारी मंडळे, रजा काढून स्वयंसेवक झालेले रेल्वे कामगार आणि रात्री जागून पोळ्या लाटणाऱ्या भगिनी यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही.

उद्या सायंकाळचे सत्र येथील कामगारांसाठी खुले ठेवले आहे. तेथे आपण परिभाषेचा भार हलका करून बोलावे, आणि त्यांचेही अवश्य ऐकून घ्यावे, ही स्वागतसमितीची आग्रहाची विनंती.