हललेला फोटो



१८७८ साली अमेरिकेत मायब्रिजने धावत्या घोड्याची छायाचित्रे ओळीने घेतली. चारही खूर एका क्षणी अधांतरी असतात, हे सिद्ध झाले. पण त्यांतले एकच चित्र पाहावे, तर घोडा टांगून ठेवल्यासारखा! आमचे आयुष्य यंत्रमाग कामगारांत गेले. धोटा फोटोत रेखीव दिसला की आम्हांला वाटते, माग बंद आहे, संप चालू आहे.

ठाण्याच्या खाडीवर उडणाऱ्या रोहित पक्ष्यासाठी कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा तिसावा भाग उघडी ठेवावी व कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवीत न्यावा. डोके बरेचसे स्पष्ट राहते, पंख पुसट होतात. लोक म्हणतात, फोटो हलला. अहो, त्या पुसटपणातच पंखांचे कष्ट दिसतात! आमचे बहुतेक फोटो मात्र नुसतेच हलले.