अर्धशिशी आणि आपली माणसे

(ज्ञातिसंघाच्या वसई येथील वार्षिक संमेलनात महिला-सत्रात दिलेले भाषण)



चिटणीसांनी मला या सत्रात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा स्त्रीशिक्षण किंवा गृहोद्योग असा एखादा प्रतिष्ठित विषय मी निवडीन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी 'अर्धशिशी' असे कळविले, तेव्हा ते हसून म्हणाले, "डोकेदुखीवर काय बोलणार?" त्यांना मी दोष देत नाही. ज्याने ही व्यथा भोगली नाही, त्याला ती साधी डोकेदुखीच वाटणार. मी बोलणार आहे ते पांडित्याने नव्हे, तर पस्तीसहून अधिक वर्षांच्या अनुभवाने.

हा रोग आजकालचा नाही. सुश्रुताने उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग वर्णिले आहेत, त्यांत 'अर्धावभेदक' आहे. तो पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उठतो, असे तो सांगतो. आधुनिक वैद्यकाचे निरीक्षणही याहून फार निराळे नाही. बहुधा अर्धेच मस्तक ठणकते, मळमळते, उजेड व आवाज सोसवत नाही, आणि उपचार न केल्यास हा झटका 4 ते 72 तास राहतो. काहींना आधी डोळ्यांपुढे झगझगीत नागमोडी रेषा दिसतात. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि त्यांपैकी निदान 8 दिवस अर्धशिशीचे असतील, तर तिला जुनाट म्हणतात. वयात आल्यानंतर हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळतो. म्हणून हा विषय महिला-सत्रात घेतला. परंतु समोर बसलेल्या पुरुषवर्गानेही तो ऐकावा, अशी माझी विनंती आहे.

1986 साली लग्न होऊन मी वसईच्या घरी आले. घरची वाडी सोनचाफ्याची व मोगऱ्याची. पहाटे फुले खुडून, टोपल्या भरून दादरच्या बाजारात पाठवायची, हा घराचा नित्यक्रम. ज्या सुगंधासाठी लोक पैसे मोजतात, तोच मला झटक्याच्या वेळी विषासारखा वाटे. पहिल्याच श्रावणात उपवासाच्या दिवशी मी खोलीत आडवी पडले. घरी पाहुणे होते. "सून नाजूक दिसते," असे कोणी म्हणाले, ते मला आत ऐकू आले. थोड्या वेळाने सासूबाई आल्या. त्यांनी खिडकी लावून घेतली, ओटीवरच्या फुलांच्या टोपल्या विहिरीमागे नेवविल्या आणि उशाशी बसून हळूच म्हणाल्या, "मलाही होतं गं. डोक्याला फडकं बांधून भाकऱ्या थापीत आले. सांगून कोण ऐकणार होतं?" त्या दिवसापासून त्यांनी माझे सर्व उपवास बंद केले.

पुढे नोकरी लागली. वसई रोडहून चर्चगेटपर्यंत तासाभराहून अधिक प्रवास, तोही बहुधा उभ्याने. जेवणाच्या वेळा चुकत, झोप अपुरी. दुखणे वाढत गेले. एका डॉक्टरांनी "हे सारे मनाचे आहे" असे सांगून बोळवण केली. मग मी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेऊ लागले, आणि शेवटी गोळीवाचून दिवस जाईना. 2003 साली एका मेंदूविकारतज्ज्ञांनी मला समजाविले की, साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस आणि काही संमिश्र वा विशेष गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असे महिनोन्‌महिने घेत गेल्यास त्या गोळ्याच डोकेदुखी उत्पन्न करतात. त्या सोडवितानाचे आठवडे मी विसरणार नाही. यजमान रजा घेऊन घरी राहिले. मी काय खाल्ले, किती झोपले, दुखणे केव्हा उठले, हे ते रोज वहीत लिहीत. त्या वहीने डॉक्टरांना जेवढे सांगितले, तेवढे मला तोंडाने कधीच सांगता आले नव्हते. नियमित आहार, वेळेवर झोप आणि झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यावयाचे औषध यांनी महिन्याचे वीस दिवस सहा-सातांवर आले. रोग गेला नाही. परंतु घर पुन्हा हाती आले.

आता एक गोष्ट सांगते, जी सांगताना मला संकोच वाटतो. माझी कन्या दहावीत असताना "आई, डोळ्यांना उजेड खुपतो" म्हणून पुस्तक मिटून बसे. परीक्षा तोंडावर आलेली; मी तिला म्हटले, "अभ्यास टाळण्याची ही नाटके पुरेत!" स्वतः ही व्यथा भोगणारी मी, असे बोलले. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "तुला मी असं म्हटलं होतं का?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. हा रोग अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हे मला ठाऊक होते. तरी पोटच्या मुलीत तो ओळखावासा वाटला नाही.

तिच्या विवाहाची वेळ आली, तेव्हा आप्तांनी "माहितीपत्रकावर हे लिहू नका" असा सल्ला दिला. आम्ही लिहिले. दोन स्थळांनी पत्रिका परत केली. तिसऱ्या स्थळी मुलाच्या आईने विचारले, "तिच्या खोलीला जाड पडदे लागतील ना? मोजमाप घेऊन ठेवते." 2019 साली विवाह झाला. मुलगी सुखात आहे.

शास्त्र पुढे जात आहे. अर्धशिशीची कारणमीमांसा उलगडणाऱ्या चार संशोधकांना 2021 चे 'ब्रेन प्राइझ' मिळाले, आणि त्या संशोधनातून नवी औषधेही निघाली आहेत. ती महाग आहेत. परंतु अंधारी खोली, वेळेवर वाढलेले ताट आणि विश्वासाचा एक शब्द, यांस काहीच खर्च येत नाही. मात्र पूर्वी कधी झाली नाही अशी तीव्र वेदना अचानक उठली, किंवा तिच्यासोबत ताप आला, हातपाय लुळे पडले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.

शेवटी ज्ञातिबांधवांस तीन विनंत्या करते. वधूवरांची माहिती देताना हे दुखणे लपवू नये आणि ऐकणाऱ्याने ते व्यंग मानू नये. आपल्याकडे हळदीच्या रात्री ध्वनिक्षेपकांचा जो गजर होतो, त्यास आवर घालावा व कार्यस्थळी एक शांत खोली राखून ठेवावी. आणि दुखण्याने निजलेल्या सुनेला वा लेकीला "नाजूक" म्हणण्यापूर्वी तिच्या खोलीची खिडकी लावून घ्यावी.