संस्था किती आणि चालू किती?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



आपली सोसायटी १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली. पण आसपासची वाचनालये, शाळा, व्यायामशाळा, देवस्थाने बहुतेक धर्मादाय आयुक्तांकडे, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. अनेकांची १८६० च्या कायद्याखालीही नोंद असते. म्हणजे दुहेरी नोंदणी.

या पसाऱ्याचा आकार केवढा? केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१२ च्या अहवालात देशभर ३१ लाखांवर संस्था नोंदलेल्या दिसतात. त्यांपैकी सुमारे २२ लाखांचा प्रत्यक्ष शोध घेतला, तेव्हा सापडल्या जेमतेम सात लाख! बाकीच्या बऱ्याचशा कागदावरच.

बँकेत असताना याचं एक कारण मी काउंटरवर पाहिलं. एका वाचनालयाचे दोन विश्वस्त वारले. कायद्याने नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो दिलाच नाही. सह्या करणारं कुणी उरलं नाही, खातं ठप्प झालं. पैसे होते, पुस्तकं होती, वाचकही होते. दोन वर्षं कुलूप लागलं.

आपल्याकडे निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत. देणगी द्याच, पण त्याआधी जवळच्या एखाद्या संस्थेत जाऊन एवढं विचारा: ऑडिट झालं का? बदल अर्ज दिला का? महिन्याला दोन तास पुरतात. चहा बहुधा तेच पाजतात.