बाळंतपणाचा खर्च कुणाच्या खाती?



शेतकरी गरीब का, असं विचारलं की शहरातली शहाणी माणसं वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आली : "तुम्हाला पोरं फार." आम्ही बाया आज या उत्तराचा हिशेब तुमच्यापुढे मांडणार आहोत. कांद्याचा आणि कापसाचा उत्पादन खर्च काढायला आपण संघटनेत शिकलो. तोच हिशेब आता घरात लावून बघू.

आमच्या सासवांना, आज्ज्यांना आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणं झाली, ती काही हौसेनं नव्हे. गोवर, हगवण, धनुर्वात यांत लेकरं दगावायची. चार जगवायची तर जास्त जन्माला घालावी लागायची. मालाला भाव नाही, मग मजूर लावायला पैसा नाही. घरचे हात मात्र फुकट. म्हातारपणी पेन्शन नाही, पेन्शन म्हणजे मुलगा. तेव्हा मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही. मोठं कुटुंब ही गरिबीतून तगून राहायची एक तऱ्हा होती. पण तिचा सगळा खर्च घरातल्या एकाच माणसाच्या अंगावर पडला.

किती पडला? एका बाळंतपणाचे नऊ महिने आणि अंगावर पाजायची दोन वर्षं, म्हणजे ३३ महिने. आठ लेकरांचे झाले २६४ महिने, म्हणजे बरोबर २२ वर्षं. सतराव्या वर्षी सुरुवात झाली तर एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत त्या बाईचं शरीर एक दिवससुद्धा तिचं एकटीचं नव्हतं. आणि या २२ वर्षांत खुरपणी थांबली नाही, पाणी भरणं थांबलं नाही, चूल थांबली नाही.

पाचव्या बाळंतपणापासून धोका वाढत जातो, असं डॉक्टर सांगतात. पिशवी ढिली पडते, बाळ झाल्यावर नीट आवळत नाही आणि रक्त थांबत नाही. त्यात सगळ्यांची पानं उठल्यावर खरवडून जेवणारी ती बाई. तिच्या अंगात रक्त आधीच कमी. कित्येकींचं अंग बाहेर यायचं. लाजेपायी ते कुणाला न सांगता त्या डोक्यावर भारे वाहत राहिल्या.

दुसरा खर्च थोरल्या मुलीनं भरला. कडेवर धाकटं भाऊ-बहीण आलं की हातातली पाटी गेली. तिसरा खर्च जमिनीनं भरला. दहा एकरांचे चार भावांत अडीच-अडीच एकर झाले, आणि पुढच्या पिढीत गुंठे.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. आकडा उतरला हे खरंच आहे. राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका बाईला सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ मध्ये १.७. लेकरं जगू लागली, मुली शाळेत गेल्या, तेव्हा आकडा उतरला. पण भार अजून तिच्यावरच आहे. त्याच पाहणीत देशातल्या शंभर विवाहित बायांमागे सुमारे ३८ जणींनी ऑपरेशन करून घेतलेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या बाया हजारात तीन! पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी त्याहून सोपी. त्याच दिवशी घरी येता येतं, फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं. २००१ पासून महाराष्ट्रात तिसरं मूल झालं की पंचायतीचं सदस्यपद जातं. तिसरं मूल हवं की नको हे सासर ठरवणार, आणि सदस्य बाई असेल तर खुर्ची तिची जाणार, हा कुठला न्याय?

सरकार हमीभाव काढताना घरच्या माणसांच्या शेतातल्या मजुरीचा खर्च धरतं. पण ज्या पोटातून आणि ज्या चुलीवर ते मजूर तयार झाले, तिचा रकाना कोराच आहे. तो रकाना सरकार भरेल तेव्हा भरेल. घरातला रकाना भरणं आपल्या हाती आहे.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बाया लाखांनी जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, कुठल्याही कायद्याची सक्ती नसताना. म्हणून आजही आम्ही मागणी सरकारकडे नेण्याआधी तुमच्याकडे करतो आहोत.

घरात बाई गरोदर आहे हे कळल्या दिवसापासून बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत तिच्या डोक्यावर भारा नको, आणि औषधफवारणीच्या रानात तिनं जायचं नाही. तिच्या जागी मजूर लावा आणि ती मजुरी पिकाच्या खर्चात लिहा. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस त्या तिनं घेतल्या की नाही, हे घरच्यांनी बघावं. गोळी चहाबरोबर घेऊ नये. तिचं ताट सगळ्यांच्या बरोबर वाढावं. दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचं अंतर असावं. मुलं पुरे झाली की ऑपरेशनला नवऱ्यानं जावं. आणि सातबारावर तिचं नाव लागावं. ज्या बाईला घरातून हाकलता येत नाही, तिलाच "आता पुरे" म्हणता येतं.

कर्जमुक्तीसाठी आपण रस्त्यावर बसलो. हेही कर्जच आहे, आणि ते तुमच्या घरातल्या बाईचं आहे. या सभेतून परत जाल तेव्हा प्रत्येकानं यातला एक हप्ता तरी आपल्या उंबऱ्याच्या आत फेडावा, एवढंच आमचं मागणं आहे.