मूत्रपिंडांवरच्या दोन ग्रंथी



भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांत राबणाऱ्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी आज बोलायचं आहे ते दोन लहानशा ग्रंथींविषयी. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर त्या टोपी घातल्यासारख्या बसलेल्या असतात. एकेकीचं वजन जेमतेम ४ ते ५ ग्रॅम. त्यांना अधिवृक्क किंवा ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात.

ग्रंथीच्या आतल्या गाभ्यातून ॲड्रिनलिन येतं. प्रेसखालून हात थोडक्यात वाचला की छाती धडधडते, घाम फुटतो, ते त्याचंच काम. बाहेरच्या भागात तीन थर. सगळ्यांत वरच्या थरातलं अल्डोस्टेरॉन शरीरातलं मीठ राखतं. फाउंड्रीत नव्यानं लागलेल्या माणसाच्या सदऱ्यावर घाम वाळून मिठाचे पांढरे डाग पडतात. आठ-दहा दिवसांत उष्णतेची सवय झाली, की घाम भरपूर येतो, पण त्यात मीठ कमी असतं. ती बचत मुख्यतः या अल्डोस्टेरॉनमुळे होते. सर्वांत आतल्या थरातून पुरुषी संप्रेरकं थोड्या प्रमाणात येतात.

मधल्या थरातलं कॉर्टिसॉल मात्र जिवाशी गाठ असलेलं. रक्तदाब आणि रक्तातली साखर ते सांभाळतं. ताप, अपघात, ऑपरेशन अशा वेळी निरोगी ग्रंथी ते कितीतरी पटींनी वाढवतात. एरवी पहाटेपासून ते चढतं, सकाळी आठच्या सुमारास भरपूर असतं आणि मध्यरात्री सर्वांत कमी. म्हणून त्याची तपासणी सकाळी करतात. तुमची नाईट चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा. झोपेची वेळ उलटलेल्या माणसाच्या रिपोर्टचा अर्थ वेगळा लागू शकतो.

लंडनच्या थॉमस ॲडिसन या डॉक्टरांनी १८५५ मध्ये या ग्रंथी निकामी झाल्यानं होणारा आजार वर्णन केला. त्यांच्या अनेक रुग्णांत कारण होतं क्षय. आपल्याकडे आजही क्षय हे त्याचं एक महत्त्वाचं कारण आहे. पिंपरीला क्षयाच्या औषधांची ओळख जुनी. १९५४ साली स्थापन झालेल्या इथल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिननंतर स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागलं. क्षय बरा होतो, पण त्यानं पोखरलेली ग्रंथी बहुधा पुन्हा उभी राहत नाही.

अशा रुग्णाचा हात उजेडात धरून पाहावा. तळहाताच्या रेषा काळ्या पडलेल्या असतात, बोटांच्या सांध्यांवर काळपटपणा, जुन्या जखमेचा व्रणही काळवंडलेला. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्यांवर काळे डाग. सोबत वजन उतरतं, उभं राहिलं की भोवळ येते, मीठ खावंसं वाटतं. उन्हानं रापलाय, कामानं थकलाय म्हणून घरचे सोडून देतात आणि माणूस दुखणं अंगावर काढतो.

पण आपल्या भागात मला याहून जास्त काळजी वाटते ती स्टिरॉइडची, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं काम करणाऱ्या औषधांची. कंबर धरली, गुडघे दुखले, की कुणीतरी सांगितलेली गोळी चिठ्ठीशिवाय आणायची, नाहीतर नाव नसलेली पुडी घ्यायची. कामाच्या कपड्यांत घाम साचून नायटा झाला की महिनोन्महिने स्टिरॉइडचं मलम. आराम पडतो, हे खरंच. म्हणून तर ती सुटत नाही. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी ॲड्रिनलला हुकूम देणं थांबवते. काही आठवड्यांत ॲड्रिनल आक्रसू लागते. चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे चट्टे उमटतात. मग गावी जाताना गोळ्या राहून जातात किंवा पैसे संपतात, आणि त्यातच ताप येतो. ग्रंथी तर निजलेली. उलट्या, पोटदुखी, घसरलेला रक्तदाब, शुद्ध हरपणं: काही तासांत जिवावर बेतू शकतं. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो.

आणखी काही खुणा. तरुण वयात रक्तदाब औषधांना दाद देत नसेल, पोटॅशियम कमी येत असेल, किंवा डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे झटके येत असतील, तर या ग्रंथीत गाठ आहे का ते तपासून घ्यावं.

माझी विनंती एवढीच. स्टिरॉइड हे उत्तम औषध आहे, दम्यात आणि संधिवातात ते माणसाला उभं करतं; पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्या. महिनोन्महिने घेत असाल तर मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करा. गोळीची रिकामी पट्टी फेकू नका, दवाखान्यात येताना सोबत आणा. हाताला मार लागून ऑपरेशनची वेळ आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्टिरॉइड घेत असल्याचं आधी सांगा, आणि आजच घरच्यांनाही सांगून ठेवा.