गटाचा संगणक कुणाच्या घरी?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही कोयनानगरहून बोलतोय. आज पापड-लोणच्याचा विषय नाही, कर्जाच्या हप्त्याचाही नाही. व्हिडिओ जोडायला, कापायला घरात संगणक घ्यायचा तर कसा घ्यायचा, ते सांगायचंय. यात आमचे पैसे एकदा बुडालेत, म्हणून सांगायचा हक्क आहे असं समजतो.

सुरुवात एका आजींपासून झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या नवी नवरी होत्या. चूल पेटवायच्या आधीच घर बसलं, अंधारात लेकरांना हाका मारत बाया कशा पळाल्या, नंतर किती महिने लोक उघड्यावर झोपले, हे सगळं त्या सांगायच्या. आमच्यातल्या एका ताईंनी फोनवर त्यांचं चाळीस मिनिटांचं बोलणं घेतलं. फोन भरला म्हणून ते व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी पाठवून फोनमधलं काढून टाकलं. वाटलं, ग्रुपवर आहेच की! पण व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान करतं. उरलं ते धुरकट, आणि दोन तुकडे तर कुणीच उतरवून घेतले नव्हते. पुढच्या पावसाळ्यात आजी गेल्या. आता ते बोलणं पुन्हा घ्यायला माणूसच नाही. त्या दिवसापासून गटात संगणकाचा विषय निघाला तो काही बसला नाही.

तशी दुसरीही गरज होती. नाचणीचे पापड, सत्त्व, करवंदाचं लोणचं हे धरण बघायला येणाऱ्या पाहुण्यांना विकतो. माल कसा होतो ते दाखवलं की मागणी येते. लहान व्हिडिओ फोनवर होतो, त्याला संगणक लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दोन मिनिटांच्या रीलसाठी कुणी गटाची बचत मोडू नका. पण पंधरा-वीस मिनिटांचं काम असलं, दोन फोनवर घेतलेलं एकत्र करायचं असलं, खाली मराठी अक्षरं टाकायची असली, की फोनच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे दुखतात आणि बोट भलतीकडेच पडतं.

बायकांना हे जमेल का, असं घरोघरी विचारलं गेलं. तेव्हा आम्ही अहमदाबादच्या सेवा संस्थेचं उदाहरण दिलं. १९८४ साली तिथल्या भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांसुद्धा व्हिडिओचं काम शिकल्या आणि त्यातून व्हिडिओ सेवा उभी राहिली. तेव्हाची यंत्रं आत्ताच्यापेक्षा किती अवघड होती! आणि अलीकडचं बघायचं तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे. 'आपली आजी' हे त्यांचं चॅनल नातवाच्या मदतीनं सुरू झालं आणि घराघरात पोचलं. २०२० मध्ये ते चॅनल मध्येच हॅकही झालं होतं, काही दिवसांनी परत मिळालं. ती गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा येऊ.

आता आमची चूक. पहिल्यांदा आम्ही बारा हजारांत जुना संगणक आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, यात एक टीबी जागा आहे, आयुष्यभर पुरंल." आम्ही आकड्याला भुललो. घरी आणला तर सुरू व्हायलाच चहा होऊन जाई. पाच मिनिटांचा व्हिडिओ तयार करून बाहेर काढायला लावला, तर आम्ही बैठक संपवून, भाकरी थापून आलो तरी चाक फिरतंच. दोनदा मध्येच बंद पडला आणि केलेलं काम गेलं. चार महिन्यांनी पाच हजारांना विकला. सात हजारांचं नुकसान इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं. काहीजणी म्हणत होत्या, दुरुस्तीखर्च म्हणून दाखवू. नाही दाखवला. बारीक वाटलं तरी गटाचं बारीक तेच गटाचं मोठं असतं.

त्या संगणकात काय कमी होतं ते पुढे कळलं. स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की भाजी चिरायची तर पीठ उचलून ठेवावं लागतं. आमच्या त्या संगणकात ओटा चार जीबीचा होता. व्हिडिओच्या कामाला आठ जीबी तरी हवा, सोळा असला तर उत्तम. घेताना आठचा घेतला तरी पुढे वाढवायला जागा आहे का ते विचारा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम चिकटवलेली असते, ती वाढवता येत नाही.

एक टीबीची ती जागा म्हणजे कोठी. आमची कोठी मोठी होती, पण तिचं दार कुरकुरत उघडायचं. जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कमध्ये चकती फिरते, एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, म्हणून ती कितीतरी पटीनं चपळ. आमचं सांगणं एकच, एक टीबीची हार्डडिस्क आणि ५१२ जीबीची एसएसडी यात निवडायचं झालं तर डोळे झाकून एसएसडी घ्या. जास्तीचं साठवायला बाहेरची हार्डडिस्क नंतर जोडता येते.

राहिला प्रोसेसर, म्हणजे काम करणारे हात. इथं दुकानदार 'आय फाइव्ह आहे' एवढं म्हणून थांबतो. तिथं थांबू नका. आय फाइव्ह दहा वर्षांपूर्वीचाही असतो. पुढचा आकडा विचारा. ६५०० असेल तर सहाव्या पिढीचा, ८५०० असेल तर आठव्या, १०४०० असेल तर दहाव्या, १२४०० असेल तर बाराव्या पिढीचा. हे आठवीचं महत्त्व का? विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आणि विंडोज १० ला कंपनीनं दिलेला मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे खूप संगणक स्वस्तात बाजारात आलेत. स्वस्त दिसतात म्हणून धावू नका. घरात कुणाला लिनक्स चालवता येत असेल तर तो सौदा चांगला आहे, एरवी नाही.

आकड्याच्या शेवटी एफ अक्षर असेल, जसं १२४००एफ, तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आत नसते, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं. आपल्या कामाला एफ नसलेलाच बरा. आतलं ग्राफिक्सच साध्या व्हिडिओला मदत करतं, वेगळ्या कार्डाचा खर्च नको. नवीन लॅपटॉप अगदी कमी किमतीत दाखवतात त्यात बहुतेक वेळा सेलेरॉनसारखा हलका प्रोसेसर असतो. तो हिशेबाला, पत्र लिहायला ठीक. व्हिडिओला तो घेण्यापेक्षा चांगल्या पिढीचा, वॉरंटीचा जुना डेस्कटॉप बरा, असं आमचं मत अनुभवानं झालं.

लॅपटॉप की डेस्कटॉप, यावर आमच्या दोन बैठका गेल्या. लॅपटॉप पिशवीत घालून नेता येतो आणि वीज गेली तरी चालतो. कोयनेची वीज सगळ्या महाराष्ट्राला जाते, पण इथं पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की आम्ही मेणबत्ती शोधतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण तेवढ्याच पैशात डेस्कटॉपमध्ये जास्त ताकद येते, बिघडला तर एकेक भाग बदलता येतो, पडदा मोठा मिळतो. शेवटी डेस्कटॉप ठरला आणि त्याच्यासोबत यूपीएस. यूपीएस म्हणजे रात्रभर चालणारी बॅटरी नव्हे. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात काम जतन करून संगणक नीट बंद करायचा. त्याशिवाय डेस्कटॉप घेऊ नका. कडकडाट सुरू झाला की यूपीएसचीही पिन काढायची.

दुसऱ्या वेळी आम्ही कराडला जाताना पेनड्राइव्ह घेऊन गेलो. त्यात आमचाच पापडाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ, आणि शॉटकट नावाची मोफत प्रणाली. ती संगणकात न बसवताही पेनड्राइव्हवरून चालते. दुकानदाराला म्हणालो, हा लावून दाखवा. व्हिडिओ अडखळत चालतो का, दोन व्हिडिओ एकावर एक ठेवले की काय होतं, मराठी नाव टाकलं की अक्षरं नीट उमटतात का, आणि एक मिनिटाचा तुकडा बाहेर काढायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून बघितलं. एका दुकानात म्हणाले, असं करू देत नाही. तिथून निघालो. दुसऱ्या दुकानात मुलानं खुर्ची दिली. आठव्या पिढीचा आय फाइव्ह, सोळा जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, पडदा आणि यूपीएस धरून ३१ हजार लागले. गटानं ४० हजारांची मर्यादा ठरवली होती. भाव सतत हलतात, त्यामुळे आमचा आकडा प्रमाण धरू नका, पद्धत धरा. पक्कं बिल गटाच्या नावानं घ्या आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

दुकानदार फुकटात महागडं सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणाला. नको म्हणालो. चोरीच्या सॉफ्टवेअरमधून घुसलेला किडा पासवर्ड नेऊ शकतो, आणि चॅनल हातचं जाणं काय असतं ते मघाशी सांगितलं. शॉटकट, केडेनलाइव्ह ही दोन्ही मोफत आहेत, नेट नसतानाही चालतात. दाविंची रिझॉल्व्ह मोफत मिळतं पण फार जड, आपल्या यंत्राचा घाम काढतं.

फोनबद्दल एक. फोर-के वर व्हिडिओ घेऊ नका. साध्या फुल एचडीचा एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारे १३० एमबी होतो, म्हणजे अर्ध्या तासाचे जवळपास चार जीबी. फोर-के त्याच्या अडीच-तीन पट. शिवाय नवे फोन एचईव्हीसी नावाच्या प्रकारात घट्ट दाबून साठवतात, ते उघडताना जुन्या संगणकाला धाप लागते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच २६४ निवडता येतं. तरीही संगणक अडखळला तर शॉटकटमध्ये प्रॉक्सीची सोय आहे. मूळ व्हिडिओची हलकी नक्कल करून काम होतं, शेवटी मूळच वापरला जातो. आणि फोनमधला व्हिडिओ संगणकावर केबलनं घ्या, व्हॉट्सॲपनं नाही. हे आम्ही भिंतीवर लिहून ठेवलंय.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र कुठल्या दुकानात सुटणारा नव्हता. संगणक ठेवायचा कुणाच्या घरी? अध्यक्षांच्या घरी ठेवला तर तो अध्यक्षांचा होतो. पक्कं घर, कोरडी खोली, नीट वायरिंग असलेली घरं मोजकीच, आणि त्या घरातल्या पोरांना गेम खेळायचे असतात. एका घरातल्या दादांनी विचारलं, वीजबिल कोण देणार? रास्त प्रश्न होता. आम्ही असं केलं. ज्यांच्या घरी संगणक त्यांना महिन्याला वीजबिलापोटी १०० रुपये. गटाचं खातं आणि पासवर्ड वेगळा. वही ठेवली, कोण कधी बसलं आणि काय केलं ते लिहायचं. दर सहा महिन्यांनी घर बदलायचं. पहिल्या घरी जी सून आहे तिला संगणक येतो, पण ती रात्री जेवणं उरकल्यावरच बसू शकायची. तिच्या सासूबाई सुरुवातीला कुरकुरल्या. मग त्यांच्याच हातच्या आंबोळ्यांचा व्हिडिओ तिनं केला, तेव्हापासून दुपारची भांडी सासूबाई घासतात आणि सून दोन तास मोकळी असते. सगळ्या घरांत असं होईल असं आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या घरात नाही झालं.

पावसाळ्यात इथं कपड्याला, चपलेला बुरशी येते, तर यंत्राला दमट हवा का सोसेल? भिंतीपासून हातभर लांब ठेवला, रोज तासभर तरी चालू करतो, आणि बंद करून गार झाल्यावरच कापड घालतो. गरम असताना झाकू नका.

आणि प्रत्येक व्हिडिओ दोन ठिकाणी. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क संगणकाच्या घरी नाही, खजिनदार ताईंच्या कपाटात. दर शनिवारी बैठकीला बचत गोळा होते तेव्हा ती येते, नवं काम तिच्यात जातं आणि ती परत जाते.

सध्या आम्ही भूकंप आठवणाऱ्या बाकीच्या म्हाताऱ्या माणसांकडे जातोय. चार जणांचं बोलणं घेऊन झालं. पाचव्या आजी हेळवाकच्या बाजूला राहतात, कानानं कमी ऐकतात, पण म्हणाल्या, माइक जवळ धरा, सगळं सांगते. येत्या मंगळवारी जायचंय.